एनएलआर 5 आला म्हणजे काय? गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि सीबीसीतले आकडे

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला चुलत बहिणीच्या मुलाचा फोन आला. आवाज पार बसलेला. "मावशी, आईच्या सीबीसीवरून मी एनएलआर काढला, 5 आलाय, आणि नेटवर लिहिलंय 3 च्या वर असला की पेशंट फार दिवस काढत नाही. डॉक्टर तर काहीच बोलले नाहीत, लपवतायत का?" ताईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय, स्टेज 2बी, आणि पुढच्या सोमवारपासून शेक (रेडिएशन) आणि केमो चालू व्हायचं होतं. मी काही डॉक्टर नाही, 18 वर्षं लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काढलीत, सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, रोज हाताखालून जातो. म्हणून त्याला आधी एवढंच विचारलं की रक्त दिलं त्या दिवशी आईला ताप होता का. तर म्हणे हो, दोन दिवस थंडी वाजून ताप होता, लघवीला जळजळ पण होती. मग त्याला म्हटलं आत्ता झोप, उद्या नीट सांगते. ते नीट सांगणं आता इथे लिहितेय, कारण असे फोन मला आधीही आलेत आणि प्रत्येक वेळी समोरचं माणूस रात्रभर जागलेलं असतं.

तर एनएलआर म्हणजे काय? आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एका जातीच्या नसतात. त्यातल्या दोन मुख्य, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट. सीबीसीच्या रिपोर्टवर दोघांची टक्केवारी असते, न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागलं की झाला एनएलआर. न्यूट्रोफिल 75 टक्के आणि लिम्फोसाइट 15 टक्के असतील तर 75 भागिले 15, म्हणजे 5. तब्येत ठीक असलेल्या माणसात हा आकडा साधारण 1 ते 3 च्या आसपास फिरत असतो. वेगळी टेस्ट नाही, वेगळे पैसे नाहीत, म्हणूनच जगभरातल्या संशोधकांना त्याचं एवढं आकर्षण. 2001 साली स्लोव्हाकियातल्या झाहोरेक नावाच्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या पेशंटच्या शरीरावर किती ताण आहे हे ओळखायला हा आकडा सुचवला होता, कॅन्सरकडे तो नंतर आला. त्याचीच बाकीची भावंडं म्हणजे पीएलआर, ज्यात प्लेटलेटला लिम्फोसाइटने भागतात, आणि एसआयआय, ज्यात प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट करतात. शिवाय सीआरपी (सूज असली की वाढणारं प्रथिन) आणि अल्ब्युमिन (रक्तातलं नेहमीचं प्रथिन) हे दोन आहेत, ते सीबीसीत येत नाहीत, वेगळे करावे लागतात.

आता हा खटाटोप कशासाठी? स्टेज असताना रक्तात काय शोधायचंय? याचं उत्तर मला आपल्या मुंबईतल्याच एका अभ्यासातून कळलं. टाटा मेमोरियलमध्ये स्टेज 3बी च्या 850 बायकांवर मोठी ट्रायल झाली, 2018 साली ती छापून आली, त्यात निम्म्यांना नुसता शेक दिला आणि निम्म्यांना शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. पाच वर्षांनी सिस्प्लॅटिनवाल्या गटात 100 मधल्या 54 हयात होत्या, नुसत्या शेकवाल्या गटात 46. सिस्प्लॅटिनचा फायदा आहे हे त्यातून पक्कं झालं, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. सिस्प्लॅटिनवाल्या एकाच गटात सगळ्यांची स्टेज तीच, हॉस्पिटल तेच, औषध तेच, तरी 100 मधल्या 54 जणी राहिल्या आणि 46 गेल्या. असं का? स्टेज तेवढं सांगू शकत नाही. स्टेज सांगते गाठ किती लांब पसरलीय, पण ज्या शरीरात ती गाठ आहे ते शरीर तिच्याशी कसं वागतंय हे स्टेजमध्ये कुठेच येत नाही. रक्तातले सूजेचे आकडे म्हणजे ते वागणं पकडायचा प्रयत्न आहे.

सूज म्हणजे इथे पाय सुजतात ती नव्हे. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, ठणकते, पू होतो, तिथे पांढऱ्या पेशी धावून येतात, ती सूज. काटा निघाला, जखम भरली की पेशी परत जातात. कॅन्सरच्या गाठीत हे थांबतच नाही. 1863 मध्येच जर्मनीतल्या विरकोव यांनी गाठीच्या आत पांढऱ्या पेशी पाहिल्या होत्या आणि जुनाट सूजेचा कॅन्सरशी संबंध असावा असं म्हटलं होतं. पुढे 1986 मध्ये ड्वोरॅक या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनी तर कॅन्सरला न भरणारी जखमच म्हटलं, आणि मला अजून त्याच्यापेक्षा चांगलं वर्णन सापडलेलं नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, घातच आहे. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही व्हायरसमुळे होतो, त्यातही 16 आणि 18 नंबरचे दोन प्रकार मिळून सुमारे 70 टक्के केसेस. आणि हा व्हायरस सुरुवातीला सूज येऊच देत नाही! तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडून बाहेर पडत नाही, वरच्या थरातच गुपचूप राहतो, त्यामुळे शरीराला वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही. ताप नाही, दुखणं नाही, सीबीसी एकदम नॉर्मल. सूजेचे आकडे हलतात ते बऱ्याच उशिरा, गाठ वाढून तिच्यावर जखम झाली, रक्त जायला लागलं, जंतू शिरले की मग. म्हणून कोणी म्हणालं की माझा सीबीसी नॉर्मल आहे म्हणजे मला कॅन्सर नाही, तर ते साफ चूक आहे, सीबीसीने हा कॅन्सर शोधता येत नाही. तो शोधायला एचपीव्ही टेस्ट, पॅप (तिथल्या पेशी घेऊन बघणं) किंवा व्हिनेगरसारखं पाणी लावून बघायची तपासणी लागते.

आता गाठ वाढल्यावर रक्तात काय होतं ते बघू. गाठीतून आणि तिच्या आजूबाजूच्या पेशींतून आयएल-6 सारखे निरोपे सुटतात. हा निरोप लिव्हरला पोचला की लिव्हर सीआरपी बनवायला लागतं आणि अल्ब्युमिन बनवणं कमी करतं, म्हणून सीआरपी वर आणि अल्ब्युमिन खाली अशी जोडी दिसते. घरचे म्हणतात एवढं खाऊ घालतोय, अंडी देतोय, तरी प्रोटीन का वाढत नाही, तर त्याचं कारण हे असतं, खाण्यात कमी पडतंय असंच नसतं, लिव्हरचं काम दुसरीकडे वळलेलं असतं. दुसरे निरोप बोन मॅरोला, म्हणजे हाडांत जिथे रक्त बनतं तिथे, जातात आणि तिथून न्यूट्रोफिल भराभर बाहेर पडतात. न्यूट्रोफिल तसे आपल्या बाजूचेच, जंतू आला की पहिले तेच धावतात. पण गाठीच्या सहवासात त्यातले बरेच फितूर होतात. नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, आजूबाजूचं जाळं विरघळवून गाठीला वाट करून देतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लिम्फोसाइटना काम करू देत नाहीत. आणि या कॅन्सरशी खरी लढत असते लिम्फोसाइटची, त्यातल्या टी पेशींची, कारण एचपीव्हीची प्रथिनं बाळगणारी पेशी ओळखून तिला मारायचं काम त्याच करतात. म्हणजे एनएलआर वर जातो तेव्हा दोन गोष्टी एकदम झालेल्या असू शकतात, फितूर वाढलेत आणि लढणारे कमी झालेत. एका साध्या भागाकाराला एवढं वजन का आलं ते यात आहे.

प्लेटलेटचं मला जरा जास्त सांगायचंय, कारण आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत इथेच गफलत होते. आयएल-6 मुळे प्लेटलेट वाढतात हे खरं, आणि प्लेटलेट कॅन्सरच्या पेशींना रक्तात पांघरूण घालून लपवतात हेही खरं. पण प्लेटलेट नुसत्या लोह कमी झालं तरी वाढतात! आता आपल्याकडची बाई दवाखान्यात कधी जाते, तर सहा-सहा महिने अंगावरून जात असतं, पाळी गेल्यावर परत लाल दिसतं, तरी लग्नसराई होऊ दे, सोयाबीन निघू दे असं करत अंगावर काढते. तोवर हिमोग्लोबिन 7 वर आलेलं असतं आणि प्लेटलेट साडेचार-पाच लाख. मग त्या वाढलेल्या पीएलआरमध्ये कॅन्सरची सूज किती आणि वाहून गेलेलं लोह किती, हे नुसत्या भागाकारातून कळणारच नाही. ईएसआरचं (सूज बघायची अजून एक रक्ततपासणी) पण तेच, अंगात रक्त कमी असलं की तो आपोआप वाढतो.

आणि हिमोग्लोबिन म्हटलं तर माझ्या मते या सगळ्या आकड्यांत घरच्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असा आकडा तोच आहे. शेकाची किरणं कॅन्सरच्या पेशीचा डीएनए तोडतात, पण तो तुटलेलाच राहावा, पेशीने तो परत सांधू नये, यासाठी तिथे ऑक्सिजन लागतो. रक्तच कमी असेल तर गाठीच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही आणि तेवढाच शेक तिथे कमी लागू पडतो. म्हणून बहुतेक ठिकाणी शेक चालू असताना हिमोग्लोबिन 10 च्या वर ठेवायचा प्रयत्न करतात, लागलं तर रक्त चढवतात. सूजेचा इथेही हात आहे, आयएल-6 मुळे लिव्हर हेप्सिडिन नावाचा पदार्थ सोडतं आणि तो अंगातलं लोह कोठारात कुलूपबंद करून टाकतो, मग लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त पाहिजे तसं वाढत नाही.

आता भाच्याला ज्या वाक्याने झोप आली नाही त्या वाक्याकडे येते. एनएलआर जास्त म्हणजे प्रोग्नोसिस (आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज) वाईट, हे खोटं नाहीये. 2014 मध्ये 100 अभ्यास एकत्र करून, 40,559 पेशंटचा हिशेब मांडून एक मोठा आढावा आला, त्यात वेगवेगळ्या गाठींचे कॅन्सर होते, आणि एनएलआर जास्त असलेल्या गटात मृत्यूचा हॅझर्ड रेशो, म्हणजे एका गटाचा धोका दुसऱ्याच्या किती पट ते, 1.81 निघाला. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर वेगळे अभ्यास झालेत, त्यांच्या एकत्रित हिशेबांतही एकूण दिशा तीच दिसते. पण 1.8 म्हणजे 80 टक्के लोक मरतात असा अर्थ लावला जातो तो अजिबात बरोबर नाही. समजा एका गटात पाच वर्षांत 100 मधल्या 20 जणी जातात (हा आकडा मी फक्त समजावायला घेतलाय). दुसऱ्या गटाचा हॅझर्ड रेशो 1.8 असेल तर तिथे साधारण 33 जातील. म्हणजे जास्त एनएलआरवाल्या गटातही 67 जणी पाच वर्षांनी हयात आहेत. 20 चे 33 होणं हा फरक मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही, पण "फार दिवस काढत नाही" हे त्यातून निघत नाही. आणि एकट्या ताईचं काय होईल हे तर त्यातून मुळीच कळत नाही, तो गटाचा हिशेब आहे.

दुसरी अडचण कटऑफची, म्हणजे कोणत्या आकड्याच्या वर जास्त म्हणायचं त्याची. कोणी 2 धरतो, कोणी 2.5, कोणी 3, कोणी 4. होतं काय, की हे अभ्यास बहुतेक जुन्या फायली उघडून केलेले असतात, बरेचसे चीन, जपान, कोरियातल्या हॉस्पिटलांतले, आणि त्यात कोण जगलं कोण गेलं हे आधीच माहीत असतं. मग कुठे रेघ मारली तर दोन्ही गट सगळ्यात चांगले वेगळे दिसतात ते बघून तिथे रेघ मारतात. शाळेत आपण पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून गणित सोडवायचो ना, तसंच ते. त्या गणितात आकडा बरोबरच येणार, पण तीच रीत नव्या गणिताला लावली की घोळ होतो. त्यामुळे चीनमधल्या एका हॉस्पिटलचा 2.5 उचलून बार्शीतल्या किंवा नांदेडमधल्या बाईला लावता येत नाही. आणि गाठ मोठी, स्टेज पुढची, रक्त कमी, जंतू जास्त, या बायकांचा एनएलआर तसाही जास्तच येतो, मग एनएलआर स्वतःहून काही सांगतोय की गाठीच्या मोठेपणाचीच सावली आहे, हे वेगळं करायला लागतं. काही अभ्यासांत स्टेज वगैरे सगळं हिशेबात धरल्यावरही तो उरतो, काहींत उरत नाही. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या स्टेजिंगमध्ये त्याला जागा नाही आणि नुसत्या एनएलआरवरून कोणाची ट्रीटमेंट बदलत नाहीत. डॉक्टर "काहीच बोलले नाहीत" त्याचं कारण हे आहे, लपवालपवी नाही.

आणि हा आकडा हलतो किती सहज ते मी रोज बघते. लघवीचं इन्फेक्शन, दाढेत पू, छातीत कफ, एनएलआर वर. उलटी होऊ नये म्हणून केमोच्या आधी डेक्साचं इंजेक्शन देतात, ते स्टिरॉइड आहे, त्याने काही तासांत न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट उतरतात, म्हणजे केमोच्या दुसऱ्या दिवशीचा एनएलआर काढायचाच नाही. पांढऱ्या पेशी वाढवायची, पोटाच्या कातडीखाली टोचायची सुई दिली असेल तर न्यूट्रोफिल काही दिवस आभाळाला टेकतात. उलट डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही पडतात, मग सगळेच भागाकार बिघडतात. या कॅन्सरमध्ये अजून एक खास कारण असतं, गाठीने पिशवीचं तोंड बंद केलं की आत पू साठतो, त्याचा ताप असतो आणि तो काढल्याशिवाय आकडे खाली येत नाहीत. तर ताईचं लघवीचं कल्चर केलं, अँटिबायोटिक चालू झालं, आणि सोमवारी शेकाच्या आधीचा सीबीसी बघितला तर एनएलआर 2.9. गाठ जेवढी होती तेवढीच होती, चार-पाच दिवसांत तिच्यात काही फरक पडला नव्हता, उतरलं होतं ते इन्फेक्शन. भाचा म्हणाला मग मी उगाच घाबरलो, मी म्हटलं उगाच नाही, तू विचारलंस म्हणून तापाची गोष्ट डॉक्टरांना कळली, ताईने त्यांना सांगितलीच नव्हती. मला हा आकडा आवडतो तो एवढ्यासाठीच, तो वाढलेला दिसला की का वाढला ते शोधायचं, आणि शोधल्यावर बऱ्याचदा काहीतरी बरं करण्यासारखं सापडतं.

शेक चालू झाल्यावर तर एनएलआर काढत बसण्यात काहीच अर्थ नाही. मोठ्या माणसाचा काम करणारा बोन मॅरो बराचसा कंबरेच्या हाडांत आणि खालच्या मणक्यांत असतो, आणि इथे शेक नेमका तिथूनच जातो. लिम्फोसाइट तर किरणांना सगळ्यात नाजूक, दोन-तीन आठवड्यांत त्या जवळपास सगळ्यांच्याच धाडकन उतरतात. खाली भागायचा आकडाच छोटा झाला की भागाकार मोठा येणारच, त्याचा अर्थ कॅन्सर वाढतोय असा नाही. तेव्हा डॉक्टर सीबीसी बघतात ते दुसऱ्याच कारणांसाठी, हिमोग्लोबिन किती, एकूण न्यूट्रोफिल फार तर उतरले नाहीत ना, प्लेटलेट पुरेशा आहेत का, या आठवड्याचं सिस्प्लॅटिन झेपेल का. आणि सीबीसीसोबत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, कारण गाठ लघवीच्या नळ्या दाबते आणि सिस्प्लॅटिन किडनीला जड जातं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. रात्री जागून ज्यांनी एनएलआर काढला त्याच घरांत मी बघितलंय की शेकाचे दिवस चुकतात. पाहुण्याचं लग्न, एसटीचा संप, "आता रक्त जायचं थांबलं, बरं वाटतंय" म्हणून आठवडाभर घरी. बाहेरचा शेक साधारण पाच आठवडे, मग आतला शेक म्हणजे ब्रॅकी, सगळं मिळून 8 आठवड्यांत, 56 दिवसांत संपवायचं असतं, लांबलं की मधल्या काळात गाठीच्या उरलेल्या पेशी परत वाढायला लागतात आणि गाठ परत यायची शक्यता वाढते. आणि ब्रॅकीला घाबरून "बाहेरचं झालं ना, बास" म्हणणाऱ्या बायका पण आहेत, तर ब्रॅकीशिवाय ही ट्रीटमेंट अर्धवट राहते, गाठीला सगळ्यात मोठा डोस तिथूनच मिळतो. एनएलआर आपल्या हातात नाही, हे आहे.

आणि ज्या बायका ठणठणीत आहेत त्यांच्यासाठी, आपल्या शेजारच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला होता, बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलची माणसं गावोगाव फिरली होती. आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू पुढच्या आठ वर्षांत जवळपास निम्मे झाले, 2009 मध्ये ते जगभर छापून आलं. आपल्याच खेड्यातल्या बायकांनी जगाला दाखवून दिलेली गोष्ट आहे ही, आणि आपल्याच घरात अजून कितीजणींची ती टेस्ट झालेली नाही.

ताईच्या रिपोर्टची आता एक फाईल केलीय. प्रत्येक सीबीसीच्या कोपऱ्यात भाचा पेनाने लिहितो, ताप होता की नव्हता, डेक्सा कधी दिलं, रक्त चढवलं का, पू किंवा जळजळ आहे का. डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतं, त्यांनी स्वतःच सांगितलं. एनएलआर काढायचं त्याने बंद केलंय. घरातल्या कॅलेंडरवर 56 व्या दिवसाला लाल गोल केलाय आणि शेक झाला की रोज एक दिवस खोडतो. आज 23 वा खोडला, हिमोग्लोबिन 10.8 आहे, ब्रॅकीची तारीख मिळालीय.